धुरपदाआत्यांचा पाण्यावरचा झोका

आमच्याकडे पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला मागच्या अंगणात जायचं असतं. तिथं पोहण्याचा हौद आहे, हौदावर मांडव आहे आणि मांडवाला झोका टांगलाय. पाहुणा चार फोटो काढतो, मोगऱ्याच्या वाफ्याशी उभा राहून स्वतःचाही एक काढून घेतो, आणि मग कुंदनच्या पाठीवर थाप मारतो. कुंदन म्हणजे माझा नवरा. काय डोकं लावलं रे, असं ऐकलं की तो लाजल्यासारखा हसतो, पण 'मी नाही लावलं' असं काही त्याच्या तोंडून निघत नाही. माझ्या हातात तेव्हा चहाचा ट्रे असतो, हे त्याचं नशीब. जिच्यामुळे हे सगळं उभं राहिलं ती बाई तिकडे भडगावला लिंबाच्या बागेत कुणाला तरी फैलावर घेत असते, आणि शाबासकी इकडे हा खातो. म्हणून एकदा नीट सांगूनच टाकते.

ती बाई म्हणजे धुरपदाआत्या. माझे सासरे भिकन आबा, त्यांची थोरली बहीण. वय साठीच्या पुढे, उंची माझ्या खांद्याएवढी, आवाज मात्र असा की पारोळ्याच्या स्टँडवर एकदा त्यांनी निघालेली एसटी नुसत्या हाकेवर थांबवली. कंडक्टर खाली उतरला आणि त्यांची पिशवी घेऊन वर चढला. भडगाव त्यांचं सासर. यजमान निवृत्त मास्तर, शांत माणूस; बोलायचं काम त्यांनी लग्नातच बायकोकडे सोपवलं असावं. शेती, मजूर, बाजार, दोन मुलींची लग्नं, सगळं आत्यांनी निभावलं. एका वर्षी गिरणा नदीचं पाणी शेतात शिरलं तेव्हा चिखलात उभं राहून त्यांनी मोटार सोडवून आणली आणि मास्तरांना सांगितलं, तुम्ही फक्त चहा ठेवा.

अशी ही बाई वर्षातून एकदा पोरीसारखी व्हायची. आखाजीला. अक्षय्य तृतीया तुमच्याकडे सोनं घ्यायचा दिवस असेल. आमच्या खान्देशात ती सासरी गेलेल्या लेकींची. लेकी माहेरी येतात, सांजोऱ्या खातात, आमरस ओरपतात, गौराईची गाणी म्हणतात आणि झोके घेतात. पुरुष मळ्यात पत्ते कुटत बसतात, त्यांना कोणी विचारत नाही. पण लेक काही आपण होऊन उठून येत नाही. तिला न्यायला माहेरचा माणूस जावा लागतो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही तर लेक उंबरठा ओलांडत नाही, मग ती विशीतली असो की साठीतली. आत्यांना न्यायला दरवर्षी आबा स्वतः जायचे. गाडी दारात उभी राहिली की आत्या माझ्या सासूबाईंच्या गळ्यात पडायच्या आणि थेट मागलदारी कडुनिंबाखाली जायच्या. निंबाच्या आडव्या फांदीला आबांनी आदल्या दिवशीच दोर बांधून ठेवलेला असायचा.

मी लग्न होऊन इथं आले तेव्हा आत्यांना त्या झोक्यावर पहिल्यांदा पाहिलं. पदर खोचलेला, पाय फळीवर घट्ट, आणि गुडघ्यात वाकून असा हेलकावा की खालच्या बायकांनी माना मागे टाकाव्यात. मी धुळ्यात फ्लॅटमध्ये वाढलेली. माझा झोका म्हणजे गॅलरीतला, वेताचा, त्यावर बसून मोबाइल बघायचा. मी तोंडाचा आ करून बघत राहिले, आणि त्या बाईवर माझा जीव जडला तो तेव्हा.

आता हौदाचं. ती कल्पना माझी होती, हे मी कशाला लपवू? अमळनेरचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला सांगायची गरज नाही. दुपारी नळ सोडला तर हात भाजतो. आबांनी बांधलेला बंगला गावाबाहेर मळ्यात, मागे मोठं अंगण, स्वतःची विहीर. कुंदनची ठिबकच्या नळ्यांची आणि पंपांची एजन्सी. म्हणजे नळ्या घरच्या, पंप घरचे, फिटर घरचे. मी म्हटलं, हौद बांधू. आबा हसून म्हणाले की बांधा, मीही डुंबेन. जळगावचा हितेंद्र, कुंदनचा कॉलेजातला मित्र, बागा आणि हौद आखून देतो. त्यानं नकाशा काढला. मग हिवाळ्यात आबा गेले, अगदी दोन दिवसांच्या दुखण्यानं. घर सुन्न झालं. होळीनंतर कुंदननं पुन्हा काम काढलं, आबांनी हो म्हटलेलं काम म्हणून.

नकाशा कसा होता, तर कुठल्याही हॉटेलच्या जाहिरातीत असतो तसा. वाकडातिकडा, काजूच्या आकाराचा हौद, भोवती काळा चकचकीत ग्रॅनाइट, कडेनं पामची झाडं. अंगण आमचं होतं, पण चित्रात ते कुणाचंही असू शकलं असतं. हितेंद्रनं बजावलं होतं की निंबाच्या इतक्या जवळ नको, मुळं भिंत फोडतील. कुंदन म्हणाला, बघू. आणि खोदायचं मशीन आत येईना म्हणून, मी धुळ्याला गेले होते त्या दिवशी, यानं निंबाची आडवी फांदी उतरवली. झोक्याची फांदी. परत आले तर निंब एका बाजूनं बोडका आणि खाली ही मोठी गर्ता.

सासूबाई मागच्या पायरीवर बसल्या होत्या. कुंदनचं तोंड उतरलेलं होतं, कारण फांदी पडल्यावर त्याला आठवलं होतं. आखाजी तोंडावर आली होती.

मग त्यानं जो तोडगा काढला तो फक्त आमच्याच माणसांना सुचू शकतो. तो आत्यांना इतका घाबरतो, इतका घाबरतो, की म्हणाला, यंदा मूळ लावायलाच नको. म्हणजे आणायलाच जायचं नाही. कामाचा पसारा आहे असा निरोप पाठवू, पुढच्या वर्षी सगळं झालं की थाटात आणू. त्याच्या मते तो आत्यांचं मन जपत होता. मी तर थक्कच झाले. अरे, भाऊ जाऊन चार महिने झाले नाहीत. आखाजीला पितरांची घागर भरतात, आबांच्या नावाची पहिली भरायची आहे. आणि नेमकं यंदा मुराळी गेला नाही, तर भडगावच्या गल्लीत त्याचा एकच अर्थ निघणार: भाऊ मेला, माहेर संपलं. मी हे सगळं बोलले आणि बऱ्याच मोठ्यानं बोलले. कुंदन म्हणाला, मग तू जा. त्याला वाटलं मी गप्प बसेन.

मी सासूबाईंकडे पाहिलं. सून मुराळी म्हणून गेल्याचं आमच्या सात गावांत कोणी ऐकलेलं नव्हतं. सासूबाई उठल्या, सांजोऱ्यांचा डबा भरला, माझ्या हातात दिला आणि गाडीची चावी खिळ्यावरून काढून डब्यावर ठेवली.

पारोळ्यावरून भडगावला पोचेपर्यंत मी मनात भाषण तयार केलं होतं. आत्या ओट्यावर लसूण सोलत होत्या. साधी घरातली साडी, डोळ्यांखाली काळं. शेजारणीला त्या सांगत होत्या की यंदा काही जमणार नाही, मास्तरांची तब्येत बरी नाही. मास्तर आत खुर्चीत बसून तब्येतीत उसाचा रस पीत होते. मला पाहून आत्या उभ्या राहिल्या, माझ्या खांद्यावरून गाडीकडे पाहिलं. गाडी रिकामी. त्यांनी विचारलं, "मुराळी कोठे शे?"

मी म्हटलं, मीच.

त्या खाली बसल्या. "बाई मुराळी? हाई तं नवलनं शे," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा लसूण हातात घेतला. माझं भाषण कुठल्या कुठे गेलं. मी जे होतं ते सांगितलं. फांदी तोडली, खड्डा खणलाय, झोका बांधायला जागा नाही, आणि कुंदनला तुमच्यासमोर यायची हिंमत नाही. शेजारीण कान टवकारून ऐकत होती. ऐकू दे म्हटलं. आत्यांच्या हातातली पाकळी तशीच राहिली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. म्हणाल्या की झोका नसेल तर मी तिथं येऊन करू काय, भावाचा फोटो बघत बसू? मी म्हटलं, मला तुम्ही हव्या आहात, झोक्याचं मला माहीत नाही.

आत्यांनी हातातली पाकळी सोलून टाकली. मग त्यांनी विचारलं की खड्डा कशाचा. पोहण्याच्या हौदाचा, मी म्हटलं. मला वाटलं आता ठिणगी पडणार. पण त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "कितला खोल शे?"

चार फूट, मी सांगितलं.

"चार फूटमा काय व्हस? म्हैस बी बठाव नही."

तेव्हा मला कळलं की या बाईला पोहता येतं. नुसतं येत नाही, एके काळी गावात तिच्यासारखं कोणी पोहत नव्हतं. आत्या आणि आबा दोघंही आमच्याच मळ्यातल्या विहिरीत कमरेला भोपळा बांधून शिकले. आत्या भावाच्या आधी तरबेज झाल्या. विहिरीवर लोखंडी तुळई होती, तिच्यावर उभं राहून त्या सूर मारायच्या. मग एका उन्हाळ्यात त्यांच्या वडिलांनी सांगितलं की पोरगी मोठी झाली, आता बास. भाऊ आत उड्या मारायचा आणि या काठावर त्याचे कपडे सांभाळत बसायच्या. लहानग्या भावाला ते बघवेना. त्या वर्षी आखाजीला तो निंबावर चढला आणि त्या आडव्या फांदीला त्यानं बहिणीसाठी दोर बांधला. पाण्यात नाही तर नाही, हवेत तरी. तेव्हापासून आबांनी तो दोर कधी दुसऱ्या कुणाला बांधू दिला नव्हता. हे इतक्या वर्षांत मला कोणी सांगितलंच नव्हतं, सासूबाईंनाही अर्धवटच ठाऊक होतं.

सांगून झाल्यावर आत्या उठल्या, आत गेल्या, आणि बाहेर आल्या त्या हिरवी साडी नेसून. मास्तरांना म्हणाल्या, रस पुरे करा आणि दार लावा. शेजारणीला म्हणाल्या, मुराळी आली शे मनी.

गाडीत त्या पारोळ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. पारोळ्याचा किल्ला मागे पडला आणि त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं की हौदाच्या वरती झोका टांगला तर? मी हसले. त्याही हसल्या, पण त्या गंमत करत नव्हत्या.

घरी आल्यावर त्या कुंदनशी एक शब्द बोलल्या नाहीत. तो पाया पडला, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, संपलं. आखाजीच्या दिवशी आबांच्या नावाची घागर भरली, तिच्यावर खरबूज ठेवलं, आणि दोघी नणंद-भावजय घागरीपाशी बसून पोटभर रडल्या. दुपारी गल्लीतल्या माहेरवाशिणी आल्या. झोका नव्हता. त्या खड्ड्याच्या मातीच्या ढिगावर बसल्या आणि तिथूनच गाणी म्हणाल्या. आत्या सगळ्यात वरती बसल्या होत्या. कुंदन खिडकीतून बघत होता, पण बाहेर यायचा धीर त्याला झाला नाही.

दुसऱ्या दिवशी आत्यांनी हितेंद्रला बोलावून घेतलं. त्याला वाटलं म्हाताऱ्या बाईची समजूत घालायची आहे, म्हणून बिचारा बर्फी घेऊन आला. आत्यांनी बर्फी खाल्ली आणि फक्कीची पाटी मागवली. मग दोघं अंगणभर फिरले. त्या पांढऱ्या रेघा ओढत, तो पायानं पुसत. कोणी कोणाला ऐकत नव्हतं असं मला आधी वाटलं. पण थोड्या वेळानं बघते तर दोघं खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसलेले.

हितेंद्रचं म्हणणं होतं की निंब ठेवायचा असेल तर हौद झाडापासून लांब हवा, अर्धा खड्डा बुजवावा लागेल. आत्या म्हणाल्या, बुजव. तो म्हणाला, मग झोका झाडाला बांधता येणार नाही. कुंदन दारामागून ऐकत होता. आत्यांनी निंबाच्या तुटक्या फांदीकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या की झोका दोराला असतो, झाडाला नाही. तू मला विहिरीवर असायची तशी लोखंडी तुळई टाकून दे. हितेंद्रचे डोळे चमकले. तिथून त्याला जो जोर चढला तो त्याच्याच कागदावर मावेना. झोका जिथवर जातो तिथवर खाली पाणीच पाहिजे, काठ आडवा येता कामा नये, म्हणून काजूचा आकार गेला आणि हौद पाटासारखा लांब सरळ झाला. मध्यभागी, तुळईखाली खोल, पुरुषभर उंचीहून जास्त. घराकडच्या टोकाला उथळ, रुंद पायऱ्या, गुडघे दुखणाऱ्यांनी बसायला. तुळई उघडी कशाला ठेवायची, म्हणून तिच्याभोवती मांडव आणि मांडवावर मधुमालतीचा वेल. वेलाचा कचरा झोक्यावर पडणार नाही अशा बेतानं तो एका बाजूनंच चढवायचा.

आत्यांनी मग पाण्याचं विचारलं. गावात टँकरची पाळी येते आणि तुम्ही हौद भरणार, लोक तोंडात शेण घालतील, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. हितेंद्रनं ते मनावर घेतलं. पावसाळ्यानंतर विहीर तुडुंब असते तेव्हाच एकदा भरायचं, तेच पाणी गाळून फिरवत राहायचं, वापर नसेल तेव्हा वर कापड ओढायचं. आणि पश्चिमेला शेवरी आणि बांबूची दाट रांग लावायची, म्हणजे उन्हाळी वारा पाणी उडवून नेणार नाही आणि धूळही आत येणार नाही. आत्या म्हणाल्या, रांग तर पाहिजेच, पण वाऱ्यासाठी नंतर, आधी आडोशासाठी. बायका पाण्यात उतरणार तर रस्त्यावरून दिसायला नको. हितेंद्रला हे सुचलं नव्हतं. त्यानं तिथंच दुसरी रांग आखली आणि मधे वाकडी वाट ठेवली. काळ्या ग्रॅनाइटचं मात्र त्या दोघांनी एकमतानं हसं केलं. मे महिन्यात त्यावर अनवाणी पाय ठेवून दाखव, असं आत्यांनी दारामागे बघून म्हटलं. वर्षभरात कुंदनशी त्या बोलल्या ते एवढंच, आणि तेही थेट नाही.

कारण अबोला सुटला नव्हता. काम पावसाळ्यात थांबलं, दिवाळीनंतर पुन्हा सुरू झालं. आत्या फोन करायच्या त्या मला, सासूबाईंना, हितेंद्रला. पायरी घसरडी नको, तुळईचे खांब किती खोल गेले, मोगरा उन्हात लावलास का. कुंदनला एकदाही नाही. तो मात्र पंपावर, नळ्यांवर जीव तोडून काम करत होता. सगळ्या जोडण्या त्यानं स्वतःच्या हातानं केल्या. कधी कधी मला वाईट वाटायचं, पण मी मधे पडले नाही. मला माहीत होतं की त्या कशाची वाट बघतायत. सुनेनं आणलं ते आणलं. पण भावाच्या मुलानं अजून त्यांना या घरची लेक म्हटलं नव्हतं. आखाजी जवळ यायला लागली तशी मलाच झोप लागेना. हौद झाला, मांडव झाला, वेलाला फुलं आली. आणि त्या आल्याच नाहीत तर? रिकामा झोका बघत बसायचं?

कुंदननं एका सकाळी काही न सांगता गाडी काढली. संध्याकाळ झाली तरी पत्ता नाही. फोन उचलेना. मी आणि सासूबाई फाटकाशी दहा वेळा जाऊन आलो. दिवेलागणीच्या सुमारास गाडी आली. पुढच्या सीटवर आत्या, आणि गाडी चालवणाऱ्याचे डोळे सुजलेले.

काय झालं ते मला मास्तरांनी नंतर फोनवर सांगितलं, आणि मास्तर आयुष्यात कधी इतकं बोलले नसतील. कुंदन गेला, आत्यांनी पाणी दिलं, चहा दिला, जेवायला वाढलं. आणि कामाला लागल्या. तो बसून राहिला. दुपार टळली. आत्या बागेतून आल्या, तरी हा बसलेलाच. शेवटी त्या म्हणाल्या की मूळ लावायला आला असशील तर तोंडानं बोल, बसून काय होणार. तेव्हा तो उठला आणि म्हणाला, "आत्या, तुनी फांदी मी तोडी. माहेर नको तोडू. चाल ना घर." आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मास्तर म्हणाले, मी उठून पंखा लावला, दुसरं काय करणार.

आखाजीच्या दिवशी आमच्या मागलदारी जी गर्दी झाली तशी या गावानं पाहिली नसेल. गल्लीतल्या, शेजारच्या, त्यांच्या ओळखीच्या, बठ्ठ्या, म्हणजे झाडून सगळ्या माहेरवाशिणी. पुरुषांना कुंदननं पत्त्यांसकट लांबच्या खळ्यात नेऊन बसवलं. शेवरी चांगली डोक्याच्या वर गेली होती. बायका काठावर उभ्या राहून पाण्यात बोटं बुडवत होत्या, एकमेकींना ढकलायचं सोंग करत होत्या, पण उतरेना कोणीच. काय म्हणतील, साडी ओली होईल, मला नाही बाई येत, तू आधी.

आत्यांनी पदर खोचला, कासोटा घातला. झोक्यावर उभ्या राहिल्या. एक हेलकावा, दोन, मग गुडघ्यातून जोर. दोर ताणला, तुळई करकरली. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. झोका पार पुढे गेला, मांडवाच्या बाहेर, आणि त्या टोकाला आत्यांनी हात सोडले.

पाणी काठावरच्या सगळ्यांच्या अंगावर आलं. मग एकदम शांत. मी एक पाऊल पुढे टाकलं होतं. आणि आत्यांचं डोकं वर आलं, केस सुटलेले, अंबाडा कुठे गेला पत्ता नाही. त्यांनी तोंडातलं पाणी लांब उडवलं आणि सरळ हात मारत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या. बायकांनी जो कल्ला केला तो खळ्यात पत्ते खेळणाऱ्यांना ऐकू गेला. कोणी तरी धाडकन उथळ पाण्यात उतरलं. मग दुसरी, मग एकदम सगळ्याच. कुणाच्या बांगड्या फुटल्या, कुणाची चप्पल तरंगली. सासूबाईंनी जन्मात पहिल्यांदा पायऱ्यांवर बसून गळ्यापर्यंत पाणी घेतलं आणि नणंदेला मारे ऐकवलं की इतकी वर्षं मला शिकवलं का नाही. मी हसत होते आणि रडतही होते. असं दोन्ही एकदम होतं हे मला माहीत नव्हतं.

आत्यांचा रिवाज ठरलेला. आखाजी झाली की तिसऱ्या दिवशी सकाळी परत. आबा त्यांना कधी राहा म्हणायचे, पण त्या राहायच्या नाहीत. लेकीनं माहेरी लोळत पडू नये म्हणायच्या. त्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी कुंदननं गाडी फाटकाशी आणली, डिकीत आंब्यांची पेटी ठेवली, इंजिन चालू केलं आणि मागच्या अंगणात बोलवायला आला. आत्या पायरीवर बसून मला पाण्यात पाय कसे मारायचे ते शिकवत होत्या, आणि मला जमत नव्हतं म्हणून शिव्याही देत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"गाडी बंद कर, कुंदन," त्या म्हणाल्या. "हाई मनं माहेर शे. मी कव्हय जासू ते मी सांगसू."

कुंदननं जाऊन गाडी बंद केली, चावी सासूबाईंच्या हातात दिली, आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आमच्या शेजारी पायरीवर येऊन बसला.